दोन्हीकडून तीन-तीन फूट

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातलं कॅलिस्पेल नावाचं गाव. साल १९७९. एका वेस्टर्न सिनेमासाठी १८९० च्या सुमाराची अख्खी बाजारपेठ उभी केलेली आहे. लाकडी दुकानं, पाट्या, सगळं जिथल्या तिथे. दिग्दर्शक येतो, बघतो आणि म्हणतो, रस्ता अरुंद वाटतोय, सहा फूट रुंद करा. सेट बांधणारा माणूस अनुभवी. तो म्हणतो, हरकत नाही, एका बाजूची घरं पाडून सहा फूट मागे सरकवू, निम्म्या खर्चात काम होईल. दिग्दर्शक म्हणतो, नाही. दोन्ही बाजू पाडा आणि दोन्हीकडून तीन-तीन फूट मागे घ्या.

मायकेल चिमिनोच्या 'हेवन्स गेट'बद्दल हा किस्सा हमखास सांगितला जातो. ऐकणारे खो खो हसतात. आमच्या धंद्यातल्या लोकांच्या मात्र पोटात गोळा येतो, कारण त्यांना दिग्दर्शक दिसतच नाही. त्यांना दिसतो तो सेटवाला, जो मनातल्या मनात रीवर्कचे तास मोजतोय आणि तोंडाने "ओके सर" म्हणतोय.

गोष्ट थोडक्यात सांगायची तर, ११-१२ मिलियन डॉलर बजेट ठरलेला हा सिनेमा सुमारे ४४ मिलियनवर गेला, नोव्हेंबर १९८० मध्ये लागला, आठवड्याभरात थिएटरमधून काढला, कापून पुन्हा लावला, तरी आपटला. सगळी मिळून कमाई साडेतीन मिलियनच्या आसपास. आणि १९८१ मध्ये तो काढणारी 'युनायटेड आर्टिस्ट्स' ही चार्ली चॅप्लिन, मेरी पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स आणि डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली कंपनी विकली गेली. या सगळ्याचं तात्पर्य म्हणून नेहमी दोनपैकी एक गोष्ट सांगितली जाते. एक, वेड्या दिग्दर्शकाने कंपनी बुडवली. दोन (ही २०१२ नंतरची फॅशन), बिचाऱ्या कलावंताला हिशोबनीसांनी समजून घेतलं नाही. मला दोन्ही पटत नाहीत.

वेडे दिग्दर्शक काही चिमिनोपासून सुरू झाले नाहीत. परफेक्शनचा किडा असलेला माणूस प्रत्येक टीममध्ये एक तरी असतोच, आणि असावाही. प्रश्न हा आहे की त्याच्या खर्चाच्या कागदावर सही कोण करत होतं?

युनायटेड आर्टिस्ट्स १९६७ पासून 'ट्रान्सअमेरिका' या विमा वगैरे धंद्यातल्या बड्या कंपनीच्या मालकीची होती. स्टुडिओ उत्तम चालला होता. १९७५, ७६, ७७ अशा सलग तीन वर्षांच्या सर्वोत्तम चित्रपटाची ऑस्करं त्यांच्याच सिनेमांना ('कुकूज नेस्ट', 'रॉकी', 'अ‍ॅनी हॉल'). पण मालकांशी पटेना, म्हणून जानेवारी १९७८ मध्ये आर्थर क्रिम आणि इतर मुरलेली वरची फळी एकगठ्ठा राजीनामा देऊन बाहेर पडली आणि त्यांनी 'ओरायन' नावाची नवी कंपनी काढली. मागे राहिलेल्यांपैकी अँडी अल्बेक प्रमुख झाले आणि निर्मितीची जबाबदारी स्टीव्हन बाख आणि डेव्हिड फील्ड या तुलनेने नव्या जोडीवर आली. सगळं हॉलिवूड बघत होतं, ही मंडळी काय दिवे लावतात ते.

आता विचार करा. अख्खी सीनियर टीम स्पर्धकाकडे गेली आहे, तुम्ही नवे आहात आणि तुम्हाला लवकरात लवकर एक मोठं नाव हवंय. समोर चिमिनो आहे. त्याचा 'द डिअर हंटर' प्रचंड गाजतोय. (तोही ठरलेल्या बजेटच्या बराच बाहेर गेला होता, पण ते विचारतो कोण!) ९ एप्रिल १९७९ ला 'डिअर हंटर'ला पाच ऑस्करं मिळाली, त्यात सर्वोत्तम चित्रपट आणि सर्वोत्तम दिग्दर्शक ही दोन्ही. आणि 'हेवन्स गेट'चं शूटिंग कधी सुरू झालं? १६ एप्रिलला. मोजून सात दिवसांनी. हातात ताजं ऑस्कर घेऊन आलेल्या माणसाला "साहेब, दोन टेक कमी घेता का?" असं विचारायची कोणाची टाप आहे?

खरी गंमत करारात आहे. स्टुडिओला सिनेमा १९७९ च्या नाताळातच हवा होता. म्हणून करारात अशी सोय होती की ती तारीख गाठण्यासाठी जो वाढीव खर्च होईल, तो बजेटबाहेरचा खर्च म्हणून धरला जाणार नाही. एकदा नाही, दोनदा वाचा हे. म्हणजे बजेट मोडल्याबद्दल दिग्दर्शकाला जी चाट बसायला हवी, तीच काढून टाकली. आमच्याकडे डेडलाइन फिक्स असली की बजेट हलतं, बजेट फिक्स असलं की स्कोप हलतो, हे कालचा फ्रेशरसुद्धा सांगेल. इथे तारीख फिक्स, स्कोप दिग्दर्शकाच्या डोक्यात आणि बजेट सताड उघडं. शेवटी तारीखही हुकलीच, वर्षभराने.

पहिले सहा दिवस शूटिंग झालं तेव्हा युनिट पाच दिवस मागे होतं. म्हणजे सहा दिवसांत एका दिवसाचं काम. खर्च सुमारे नऊ लाख डॉलर आणि वापरता येईल अशी फिल्म साधारण दीड मिनिट. हे आकडे नंतर कोणी शोधून काढलेले नाहीत, त्याच वेळी ऑफिसात माहीत होते. प्रोजेक्ट कुठे चाललाय हे कळायला यापेक्षा स्पष्ट पुरावा कुठला हवा?

मग थांबवलं का नाही?

बाखने पुढे १९८५ मध्ये 'फायनल कट' नावाचं पुस्तक लिहिलं. स्वतःच्या कंपनीच्या पडझडीवर इतकं स्वच्छ पुस्तक क्वचितच कोणी लिहिलं असेल. ते वाचताना लक्षात येतं की थांबवण्याची चर्चा सतत चालू होती. दिग्दर्शक बदलायचा विचारही झाला. पण दरवेळी काहीतरी आडवं आलं. त्यातलं सगळ्यात मोठं कारण म्हणजे रशेस. बाख आणि फील्ड मोंटानाला खडसावायला म्हणून गेले, अंधारात बसून त्यांनी चित्रित झालेले तुकडे बघितले आणि विरघळले. विल्मोश झिगमंडचा कॅमेरा, धुळीतून येणारं उन्ह, मागे ग्लेशियर नॅशनल पार्कचे डोंगर... कोणीही विरघळेल! डेमो झकास झाला की शेड्यूलबद्दल विचारायला जीभ रेटत नाही. मी एका प्रोजेक्टवर (नाव-गाव नको) स्टेटस रिपोर्टमध्ये "९० टक्के पूर्ण" हे वाक्य सलग चार महिने वाचलंय. डेमो मात्र दरवेळी टाळ्या घेऊन जायचा. त्यामुळे बाखवर मला हसता येत नाही.

दुसरं कारण 'अपोकॅलिप्स नाऊ'. तोही युनायटेड आर्टिस्ट्सच वितरित करणार होती, त्याचंही बजेट आणि वेळापत्रक आभाळाला भिडलं होतं, त्याचीही आधी टिंगल झाली होती. आणि ऑगस्ट १९७९ मध्ये तो लागला आणि चालला. आता बोला! "तेव्हाही सगळे असंच म्हणत होते" हे वाक्य फार घातक आहे. एकदा एक जुगार लागला की पुढच्या प्रत्येक जुगाऱ्याला तो पुरावा म्हणून वापरता येतो. फरक एवढाच की कपोलाने स्वतःची मालमत्ता गहाण टाकली होती. पैसे संपले की झोप त्याची उडत होती. कॅलिस्पेलमध्ये झोप उडत होती ती लॉस एंजेलिस आणि न्यू यॉर्कमधल्या लोकांची.

त्यामुळे मोंटानात सगळं आरामात चाललं. एकेका शॉटचे वीस-तीस टेक नेहमीचेच, चाबूक फटकारायच्या एका शॉटचे तर म्हणे पन्नासच्या वर. जॉन हर्टला इतकं थांबावं लागलं की तो मधल्या काळात 'द एलिफंट मॅन' करून आला. विलम डफो नावाचा एक अनोळखी पोरगा लाइटिंग चालू असताना कुणाच्या तरी विनोदावर हसला म्हणून चिमिनोने त्याला काढून टाकलं. (डफोचं पुढे बरं चाललं :-) ) सुरुवातीचा हार्वर्डचा प्रसंग तर १९८० मध्ये थेट ऑक्सफर्डला जाऊन चित्रित केला. एकूण फिल्म किती भरली? सुमारे २२० तास. जून १९८० मध्ये स्टुडिओला दाखवलेली पहिली प्रत ५ तास २५ मिनिटांची होती, आणि चिमिनोचं म्हणणं होतं की यातून फार तर पंधराएक मिनिटं कमी होतील. शेवटी १८ नोव्हेंबर १९८० ला न्यू यॉर्कमध्ये २१९ मिनिटांची प्रत दाखवली आणि दुसऱ्या दिवशी 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये व्हिन्सेंट कॅनबीने तिची अशी सालटी काढली की विचारू नका.

आता कंपनी 'बुडाली' या मुद्द्याकडे येतो. बुडाली वगैरे काही नाही. ट्रान्सअमेरिकासारख्या धेंडाला ४४ मिलियन पचवता आले असते. 'हेवन्स गेट'च्या चारच दिवस आधी त्याच स्टुडिओचा 'रेजिंग बुल' लागला होता, जेम्स बाँडचे हक्क हातात होते. पण विमा विकणाऱ्या लोकांना रोज पेपरात स्वतःची शोभा बघवेना. त्यांनी कंपनी 'एमजीएम'ला सुमारे ३८० मिलियनला विकून टाकली आणि सुटले. याला दिवाळं म्हणत नाहीत, अब्रू वाचवणं म्हणतात. बळी गेला तो एका संस्थेचा, जिची ख्यातीच मुळी दिग्दर्शकाला मोकळीक देणारी जागा अशी होती. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावला. पुढची कित्येक वर्षं कुठल्याही दिग्दर्शकाने थोडे जास्त दिवस मागितले की समोरून 'हेवन्स गेट'चं नाव यायचं.

आणि आता दुसरी बाजू. २०१२ मध्ये व्हेनिस महोत्सवात सिनेमाची दुरुस्त केलेली २१६ मिनिटांची प्रत दाखवली गेली, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. २०१५ मध्ये बीबीसीने समीक्षकांकडून करून घेतलेल्या शंभर महान अमेरिकन चित्रपटांच्या यादीत तो ९८ वा आला. माझा एक सिनेमावेडा मित्र तेव्हापासून छाती काढून सांगतो, "बघ, शेवटी कला जिंकली. पैसे कोणाच्या लक्षात राहतात?"

सिनेमा मलाही आवडतो. मनापासून. १८९२ मध्ये वायोमिंगच्या जॉन्सन काउंटीत बड्या गुरंमालकांनी भाडोत्री बंदूकवाले आणून छोट्या शेतकऱ्यांवर घातलेल्या धाडीची ही गोष्ट (इतिहासाशी भरपूर मोडतोड करून). स्केट्सवरचा तो नाच, व्हायोलिन वाजवत गरागरा फिरणारा पोरगा, वर्तमानपत्रांनी भिंती मढवलेली ती झोपडी... आणि क्रिस्टोफर वॉकनने केलेला नेट चॅम्पियन. खरा चॅम्पियनही वेढ्यात अडकलेला असताना टिपणं लिहीत होता, तासागणिक, मरेपर्यंत. हे माहीत असलं की तो प्रसंग बघताना घसा दाटतो. संवाद निम्मे ऐकू येत नाहीत हा भाग वेगळा.

पण म्हणून काय सिद्ध झालं? चांगलं निपजलं म्हणजे पद्धत बरोबर होती, हे काही मला पटत नाही. मित्र म्हणतो तसं फक्त पैशाचं असतं तर मीही सोडून दिलं असतं. बिल इतरांनीही भरलंय. सेटवर पत्रकारांना मज्जाव होता, म्हणून एका पत्रकाराने एक्स्ट्रा म्हणून कामाला लागून १९७९ मध्येच आतली हकीकत छापली. दुखापती, दमछाक, तासन्‌तास ताटकळणं. अमेरिकन ह्युमेन असोसिएशन या प्राणीमित्र संस्थेलाही आत येऊ दिलं नव्हतं. सिनेमातली कोंबड्यांची झुंज खरी आहे. घोड्यांच्या मृत्यूचे आरोप झाले, थिएटरबाहेर निदर्शनं झाली. त्यानंतर चित्रीकरणावर देखरेख करायचा अधिकार त्या संस्थेला कलाकारांच्या संघटनेच्या करारातून मिळाला. घोड्याला 'व्हिजन' कळत नाही हो.

आणि खुद्द चिमिनोचं काय झालं? 'हेवन्स गेट'नंतर २०१६ मध्ये जाईपर्यंतच्या ३६ वर्षांत त्याचे आणखी चारच सिनेमे आले, शेवटचा १९९६ मध्ये. पहिल्या आठवड्यात कोणी त्याला ठणकावून "नाही" म्हटलं असतं तर कदाचित १५ मिलियनमध्ये अडीच तासांचा एक उत्तम वेस्टर्न झाला असता आणि पुढे आणखी आठ-दहा सिनेमे. हुशार माणसाला "नाही" म्हणणारा वरिष्ठ हा त्याचा शत्रू असतो, असं आपल्याकडेही मानतात. माझा अनुभव नेमका उलटा आहे. ज्याला कोणीच अडवत नाही तो हुशार माणूस दोन वर्षांत एकटा पडतो, आणि तीन तासांची बिल्ड त्याच्याशिवाय कोणालाच करता येत नाही.

जाता जाता ओरायनचं सांगायला हवं. १९९० मध्ये केव्हिन कॉस्टनर नावाच्या नटाने पहिल्यांदाच दिग्दर्शन करत तीन तासांचा वेस्टर्न काढला. बजेट ओलांडलं, बराचसा संवाद लकोटा भाषेत, आणि लागायच्या आधीच पेपरवाल्यांनी त्याचं नाव ठेवलं 'केव्हिन्स गेट'. तो 'डान्सेस विथ वुल्व्ज'. सात ऑस्करं, अफाट धंदा. कॉस्टनरने वाढीव खर्चात स्वतःचे पैसे घातले होते. आणि वितरक कोण? युनायटेड आर्टिस्ट्स सोडून गेलेल्यांची ओरायन! अर्थात पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९९१ मध्ये, ओरायननेही दिवाळखोरीचा अर्ज केला, त्यामुळे जुनी टीम असती तर सगळं गोड झालं असतं, असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

असो. बघायचा असेल तर २१६ मिनिटांचीच प्रत मिळवा, १४९ मिनिटांच्या कापलेल्या प्रतीच्या वाटेला जाऊ नका, तिच्यात कोण कोणाला का मारतंय तेच कळत नाही. शनिवारी दुपारी बसा, सबटायटल्स चालू ठेवा, मध्ये चहा करा. कोंबड्यांचा प्रसंग आला की मी सरळ पुढे ढकलतो.