खरा सूतपुत्र कोण?



‘मृत्युंजय’चे नाव ऐकले नाही असा मराठी वाचक शोधूनच काढावा लागेल. शिवाजी सावंत यांची कर्णावरील ही कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली. ती अनेक भाषांत गेली, तिला भारतीय ज्ञानपीठाचा मूर्तिदेवी पुरस्कारही मिळाला. चिखलीला बी.कॉम. शिकत असताना मी ती आठवडाभरात वाचून काढली होती. ‘सूतपुत्र’ म्हणून हिणवला गेलेला कर्ण मला आपलाच वाटला. पुढे १४ एप्रिलच्या निबंध स्पर्धेत बक्षीस म्हणून मी हीच कादंबरी मुलांच्या हाती देत आलो.

यंदा वर्षावासात माझ्या अकरावीतल्या मुलीने ती वाचली. पुस्तक मिटून तिने विचारले, “बाबा, कर्ण खरोखरच सूताचा मुलगा असता, तर एवढा मोठा झाला असता का?”

मला उत्तर देता आले नाही. म्हणून कादंबरी पुन्हा वाचली आणि खरे सांगतो, निराश झालो.

भाषा ओघवती आहे, यात वाद नाही. कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण, श्रीकृष्ण अशा अनेकांच्या तोंडून कथा सांगण्याची रीतही मनाला भिडते. पण कर्णाचे तेज येते कुठून? जन्मजात कवचकुंडलांतून, सूर्याच्या अंशातून! म्हणजे सूताला हिणवणे हा अन्याय नव्हे, तर क्षत्रियाला चुकून सूत समजणे हा अन्याय, असाच अर्थ निघतो. खरा सूतपुत्र आहे शोण, अधिरथ-राधेच्या पोटचा. लेखकाने त्याला बोलू दिले आहे. पण तो बोलतो ते थोरल्या भावाच्या थोरवीबद्दल.

कुणी म्हणेल, मूळ कथाच महाभारताची, लेखक जन्म कसा बदलणार? म्हणणे रास्त आहे. पण मग तिला आपल्या वेदनेची कादंबरी समजून डोक्यावर घेतले कुणी? मीच ना! चूक लेखकापेक्षा माझी अधिक.

त्याच आठवड्यात आमच्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या वाचनात उपालीची कथा आली. उपाली शाक्यांचा न्हावी. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद हे शाक्य तरुण प्रव्रज्या घ्यायला निघाले, तेव्हा त्यांनीच तथागतांना विनंती केली की, आधी उपालीला दीक्षा द्यावी. म्हणजे आम्ही त्याला वंदन करू आणि आमचा कुळाचा ताठा उतरेल. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय सांगितला तो याच उपालीने. त्याच्या जन्मामागे कुठला राजा लपलेला नव्हता. तो न्हाव्याचाच मुलगा होता आणि मोठा झाला.

मुलीला तिचे उत्तर मिळाले. घरी येताना म्हणाली, “बाबा, उपालीवर अशी जाड कादंबरी आहे का हो?”

येत्या १४ एप्रिलला मी बक्षीस म्हणून अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ देणार आहे. ती अण्णा भाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. ‘मृत्युंजय’ही मुलांनी जरूर वाचावी, पण मुलीचा प्रश्न सोबत ठेवून. आणि लिहिणाऱ्या तरुण-तरुणींनो, उपाली व शोण दोघेही तुमची वाट पाहत आहेत.

जयभीम!