चौघे न्यायाधीश आणि एक प्रवेशअर्ज

वसतिगृहात राहून शिकलेल्यांना प्रवेशअर्जाचे मोल निराळे सांगावे लागत नाही. अमेरिकेतील जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय तरुणाने १९६१ साली मिसिसिपी विद्यापीठाकडे असाच अर्ज केला आणि तो नाकारला गेला. जिल्हा न्यायालयाला त्यात वर्णभेद आढळला नाही. दक्षिणेतील सहा राज्यांवर अधिकार असलेल्या, न्यू ऑर्लिन्स येथील संघीय अपील न्यायालयाला मात्र तो आढळला. जून १९६२ मधील तो निकाल जॉन मायनर विज्डम यांनी लिहिला.

त्याच न्यायालयातील बेन कॅमेरॉन यांनी त्या निकालाला वारंवार स्थगिती दिली. विज्डम, एल्बर्ट टटल, जॉन ब्राउन आणि रिचर्ड राइव्ह्ज यांना त्यांनी पुढे रोषाने ‘चौघे’ म्हटले. इतिहासाने तेच नाव गौरवाने जपले. चौघेही गोरे होते. राइव्ह्ज तर अलाबामाचे भूमिपुत्र. त्यांच्या दिवंगत मुलाच्या थडग्यावर लोकांनी कचरा टाकला.

संविधान एक, न्यायालयही एक, तरी निवाडे परस्परविरुद्ध! संविधान राबविणाऱ्यांच्या गुणवत्तेविषयी बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिलेला इशारा येथे आठवतो. त्या न्यायालयात पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश, जोसेफ हॅचेट, आले ते १९७९ साली. तोवर न्याय इतरांच्या सद्सद्विवेकावर अवलंबून होता. आणि असे चौघे दरवेळी लाभतातच असे नाही.

आपण मुलांना डॉक्टर, अभियंता करतो, ते योग्यच. विधिशिक्षण मात्र शेवटचा पर्याय मानतो. माजी विद्यार्थ्यांनी दरवर्षी निदान दोन मुलामुलींच्या विधिशिक्षणाचा खर्च उचलावा, ही सूचना मी या स्मरणिकेत लेखी नोंदवीत आहे.