कळ दाबली, पुढे काय?

मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराजवळ राहणाऱ्या एखाद्या आईने परगावच्या मुलीला संगणकावर तमिळमधून पत्र लिहायला घेतले आहे, असे समजा. मुलीचे नाव ममता. पत्राच्या शेवटी सही करायची ती 'अम्मा' अशी. दोन साधे शब्द. पण हे दोन शब्द नीट उमटावेत म्हणून आज्ञावली लिहिणाऱ्याला किती डोके चालवावे लागते, हे पाहण्यासारखे आहे.

तामिळनाडू सरकारने १९९९ साली 'तमिळ९९' हा कळफलक मान्य केला. त्यात 'अम्मा' लिहायला चारच कळा लागतात: अ, म, म, आ. तोडलेल्या म्-वरचा ठिपका, ज्याला तमिळमध्ये 'पुळ्ळी' म्हणतात, तो वेगळा द्यावा लागत नाही. तेच व्यंजन लागोपाठ दुसऱ्यांदा आले की आज्ञावली पहिल्यावर आपणहून ठिपका ठेवते. आपल्या मराठीच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर याच शब्दासाठी हलन्ताची कळ धरून पाच कळा होतात.

हे साधते कसे? जुन्या आज्ञावल्या एकामागून एक प्रश्न विचारीत आणि माणसाने त्याच क्रमाने उत्तरे द्यायची. संवादी आज्ञावली मात्र गल्ल्यावरच्या दुकानदारासारखी वाट पाहत बसते. कळ दाबली की तिला वर्दी जाते. ती आधीची कळ कोणती होती ते आठवते, नियम ताडून पाहते, पडद्यावर बदल करते आणि पुन्हा वाट पाहू लागते.

पण आता ममताची पंचाईत. तिच्या नावातही दोन 'म' शेजारी आहेत, आणि यंत्राला आई आणि ममता यांतला फरक काय कळणार! ते बेधडक 'म्मता' करून ठेवील. म्हणून पहिल्या म-नंतर 'अ' ही कळ दाबायची सोय ठेवली आहे. ठिपका नको, एवढाच तिचा अर्थ. ही खूण कुणी दाखवली नाही, तर बिचारी आई स्वतःलाच अडाणी ठरवून मोकळी होते.

मैलापूरला तमिळमध्ये 'मयिलै' असेही म्हणतात. याच नावाचा एक तमिळ टंक स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या डॉ. के. कल्याणसुंदरम यांनी १९९०च्या दशकात तयार करून फुकट वाटला. परदेशातल्या तमिळ कुटुंबांची त्याने मोठीच सोय झाली. मात्र त्या काळच्या अशा टंकांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी तमिळ आकार बसवलेले असत. पत्र मिळणाऱ्याकडे तोच टंक नसला, की मजकुराऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसे.

यावर उपाय म्हणजे साठवणे वेगळे आणि दाखवणे वेगळे. पडदे रचणाऱ्यांमध्ये हा विचार जुनाच. ट्रिग्व्ह रीन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्सच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत त्याची पद्धतशीर मांडणी केली होती. युनिकोडने लिपींच्या बाबतीत तेच केले. 'कि' लिहिताना संगणक आधी क साठवतो, मग वेलांटी. ती क-च्या डावीकडे काढायची, हे काम रेखाटणाऱ्या भागाचे. तमिळमध्ये तर ऱ्हस्व ओकाराचे चिन्ह व्यंजनाच्या दोन्ही बाजूंना बसते, तरी साठवण एकाच खुणेची.

खोडण्याची गोष्ट आणखी निराळी. 'कि' लिहून मागे खोडण्याची कळ एकदा दाबली, तर बहुतेक ठिकाणी वेलांटी जाते आणि क राहतो. वेलांटी चुकली असेल तर हे सोयीचेच. पण अक्षरच चुकले असेल, तर हात पुन्हा त्याच कळेकडे न्यावा लागतो.