खोकला विचारायची लाज कुणाला?

नगर जिल्ह्यातून, आताच्या अहिल्यानगरातून, दिवाळीच्या सुमारास पाथर्डी-शेवगावकडचे कोयते ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. डोक्यावर मुकादमाची उचल. एक दिवस काम बुडालं की खाडा. त्यातलं एखादं माणूस एचआयव्हीसह जगत असेल आणि फडावर त्याला खोकला, ताप सुरू झाला, तर ते तपासणीला जाणार कधी? खाडा कोण भरणार? हे न विचारता 'रुग्णच बेफिकीर' म्हणणाऱ्यांशी आमचं भांडण आहे.

क्षयाचा जंतू अनेकांच्या अंगात निजलेला असतो. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचली की तो उठतो. एचआयव्ही असलेल्यांचे जगात सर्वाधिक बळी क्षयच घेतो, आणि तरीही तो बरा होतो, टाळताही येतो. एआरटी अखंड हवी. दर भेटीत खोकला, ताप, घटलेलं वजन, रात्रीचा घाम विचारायला हवा. क्षय नाही याची खात्री झाली की प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या. एचआयव्ही असलेल्यांच्या थुंकीत सूक्ष्मदर्शकाखाली जंतू अनेकदा दिसतच नाही. तेवढ्यावर 'निगेटिव्ह' म्हणून घरी धाडणं ही हयगय आहे. ही औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. फडावर ती पोहोचवायची कुणी, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो कुणालाच आपला वाटत नाही.

२०२५ पर्यंत क्षयमुक्त भारत, अशी घोषणा २०१८ साली झाली. मुदत सरली. पोषणासाठी महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. हजार रुपयांत महिनाभराची अंडी-डाळ कशी भागते, ते घोषणा करणाऱ्यांनी सांगावं.

आता आपल्या घराकडे. १४ एप्रिलच्या शिबिरात आपण रक्तदाब मोजतो, साखर तपासतो. क्षयाचं नाव काढत नाही, एचआयव्हीचं तर नाहीच. 'आधीच वस्ती बदनाम आहे,' हे आम्ही कार्यकर्त्यांच्याच तोंडून ऐकलंय. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरात एका ताईचं ताट वेगळं ठेवलेलं आम्ही पाहिलंय. ज्यांच्या आजोबांना पाणी वरून ओतलं जायचं, त्यांनी हे करावं? ताटातून ना एचआयव्ही पसरतो ना फुफ्फुसाचा क्षय. २०१७ चा एचआयव्ही कायदा नोकरी-उपचारांतल्या भेदभावाला मनाई करतो. तो आपल्यातल्या किती जणांनी वाचलाय? शहरात स्नेहालय १९८९ पासून या माणसांसोबत काम करतंय, म्हणून आपली सुटका होते का?

यंदा कोयते हलण्याआधी आपण जिल्हा क्षयरोग कार्यालयात आणि कारखान्यांच्या दारात जायचं. मागण्या तीन: निघण्यापूर्वी तपासणी, कुणाचंही नाव न फोडता हंगामभराची औषधं, आणि तपासणीच्या दिवशी खाडा नाही.