नक्कल हवी, म्हणून घर लिहून द्यायचे?



आमच्या आईच्या नावावरच्या फ्लॅटची एक जुनी फाईल आहे. वडील गेल्यावर घरपट्टीला आईचे नाव लागले, तेव्हाची. तिची नक्कल हवी होती, कारण इमारत आता पुनर्विकासाला निघाली आहे. घरातली प्रत 26 जुलै 2005 च्या पुरात गेली. बदलापूर पश्चिमेला, नदीच्या अंगाला राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. कागद दोरीवर चिमटे लावून वाळवले, पण शिक्के पसरले होते आणि सह्या धुऊन गेल्या होत्या.

मी सकाळच्या लोकलने मुंबई गाठते, आईला जिने चढवत नाहीत. म्हणून एका एजंटाला काम सांगितले. त्याने 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर मसुदा टाईप करूनच आणला. शीर्षक ‘सर्वसाधारण कुलमुखत्यारपत्र’. आईला सही कुठे करायची ते पेन्सिलीने फुली मारून दाखवले. मी वाचायला घेतले. नकला मिळवण्याचा अधिकार पहिल्या कलमात होता. चौथ्या कलमात सदर मिळकत विकण्याचा, गहाण टाकण्याचा, भाड्याने देण्याचा आणि त्यापोटी येणारी रक्कम स्वीकारण्याचा. विचारले तर म्हणाला, “मॅडम, फॉरमॅटच असा असतो. सगळे देतात.”

सगळे देतात, हीच भीतीची गोष्ट आहे. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरमध्ये किती घरांतून अशा सह्या न वाचता झाल्या असतील! नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात 2011 मध्ये स्पष्ट केले, हे खरे. पण रीतसर नोंदवलेल्या मुखत्यारपत्राच्या जोरावर मुखत्यार मालकाच्या वतीने खरेदीखत करून देऊ शकतो, हेही तितकेच खरे.

काही जण म्हणतात, मिळकतीच्या कागदात लपवण्यासारखे काय आहे? सातबारा ऑनलाईन दिसतो, इंडेक्स टू कोणालाही मिळते. बरोबर आहे. पण 1908 च्या नोंदणी कायद्यानेच इथे रेघ ओढली आहे. खरेदीखते असतात त्या पुस्तक क्र. 1 ची नक्कल फी भरून कोणीही मागू शकतो. मृत्युपत्रांचे पुस्तक क्र. 3 आणि इतर दस्तांचे क्र. 4 यांचे तसे नाही. मृत्युपत्र करणारा हयात आहे तोवर नक्कल त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीलाच मिळते, आणि या दोन पुस्तकांतला शोधही नोंदणी अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. आमच्या फाईलमध्ये वडिलांच्या मृत्युपत्राची प्रत आहे, मामांचे आणि आत्यांचे जबाब आहेत, भावंडांची प्रतिज्ञापत्रे आहेत, पॅनच्या झेरॉक्स आहेत. घरातल्या चार माणसांनी एकमेकांना काय सोडून दिले, ते बाहेरच्याने का वाचावे?

एजंट नकोतच, असे मी म्हणत नाही. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा आहे. सरकारी कार्यालय उघडे असते तेव्हा आम्ही मुंबईत असतो. उल्हासनगरची गरज तर त्याहून जुनी. 1949 मध्ये फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. बराकींत संसार मांडलेल्या सिंधी कुटुंबांचे कितीतरी वारस आज दुसऱ्या शहरांत किंवा परदेशात आहेत. बराक क्रमांक आणि सनद जुळवायला त्यांना इथला माणूस लागतोच. पुढे 2006 मध्ये तिथली अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी खास कायदा आला, तेव्हा आणखी कागद, आणखी खेटे. प्रश्न एवढाच की फाईल बघायला पाठवलेल्या माणसाच्या हातात तिजोरीची किल्ली का द्यायची?

मी आईकडून साध्या कागदावर सात ओळींचे अधिकारपत्र लिहून घेतले: अमुक फाईल, अमुक पानांची नक्कल, पुनर्विकासाच्या कामापुरती, तीस दिवसांसाठी. सोबत मास्क्ड आधार, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ते घेऊन एजंट गेला आणि हात हलवत परत आला. कार्यालयाचे नाव घेत नाही, पण खिडकीवर सांगितले गेले, “हे चालत नाही, कुलमुखत्यारपत्र आणा.” म्हणजे सावध राहणाऱ्या मालकालाच उंबरठ्यावरून परत पाठवले.

तिन्ही शहरांच्या नगर प्रशासनांकडे माझी मागणी आहे की, या कामासाठी एक पानी अधिकारपत्राचा छापील नमुना खिडकीवरच ठेवावा, उल्हासनगरात सिंधीतही. कोणता अभिलेख, नुसता बघायचा की नक्कल घ्यायची, कशासाठी, कोणत्या तारखेपर्यंत, एवढे रकाने पुरेत. नक्कल दिली की मालकाच्या मोबाईलवर मेसेज जावा. आणि दिलेला अधिकार मालकाने काढून घेतला, तर त्याची नोंद त्याच फाईलवर व्हावी. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. 1872 च्या करार कायद्यानुसार, अधिकार काढून घेतल्याचे समोरच्या कार्यालयाला कळेपर्यंत त्याच्यापुरता तो अधिकार जिवंतच राहतो. आज मालकाने ते कळवायचे कुठे, हेच ठरलेले नाही.

शेवटी मी एक दिवस रजा टाकली आणि आईला रिक्षाने घेऊन गेले. दोन मजले, मध्ये तीनदा टेकत. खिडकीपाशी पोचल्यावर तिने सही केली आणि नक्कल वीस मिनिटांत मिळाली.

– एक रहिवासी, बदलापूर (पश्चिम)