‘बदलून बघू’ म्हणजे दुरुस्ती नव्हे

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. कुणा माणसाशी नाही, ‘बदलून बघू’ या दोन शब्दांशी.

गाडी गॅरेजमध्ये नेऊन तक्रार सांगितली की हल्ली पहिलं उत्तर येतं, "अमुक पार्ट गेला असेल, बदलून बघू." बदलला. फरक नाही. "मग तमुक असेल, तोही बदलून बघू." यातलं ‘बघू’ त्यांचं आणि बिल आपलं! माझं म्हणणं एवढंच आहे की बिघाड शोधणं आणि सुटा भाग बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं न करता दुसरं करणारा तो कारागीर नव्हे, दुकानदार. आणि गाडीत हौसेने फेरफार करून त्याची नोंद न ठेवणारा मालक हा त्या दुकानदाराचं सर्वांत आवडतं गिऱ्हाईक.

"बाई, तुम्ही मराठी शिकवलंत, तुम्हाला गाडीतलं काय कळतं?" असं घरातली पोरं विचारतातच. गाडीतलं मला बेताचंच कळतं. पण पायऱ्या न मांडता नुसतं उत्तर ठोकून देणारी वही कशी ओळखायची, ते मला चांगलं कळतं. इथे प्रश्न तोच आहे.

उदाहरण घरचंच देते. माझ्या भावाच्या नातवाकडे टर्बो पेट्रोल गाडी आहे. कुठली ते लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हताच. या पठ्ठ्याने कंपनीचा एअर फिल्टर काढून मोठा बसवला, इंटरकूलरचे रबरी पाइप काढून निळे सिलिकॉनचे घातले, कॉम्प्युटर ‘रीमॅप’ करून घेतला. हे काम तीन ठिकाणी, तीन वेळा झालं. कागद एकाचाही नाही. गेल्या पावसाळ्यात मित्रांबरोबर लोणावळ्याला आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी रुसली. सेल्फ मारला की लगेच चालू व्हायची, दोन-तीन सेकंद गुरगुरायची आणि बंद. पुन्हा सेल्फ, पुन्हा तेच.

एका गॅरेजने प्लग बदलले. मग बॅटरी. मग टाकीतला पेट्रोलचा पंप. बिल तीस हजारांच्या वर गेलं आणि गाडी होती तिथेच. चौथा सल्ला आला, "ईसीयू गेला असणार." म्हणजे आणखी मोठा आकडा. शेवटी ती ओढून कामशेतला आणली. तिथे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं लहानसं गॅरेज आहे. त्याने बॉनेट उघडण्याआधी एकच प्रश्न विचारला, "शेवटचा हात कुठे लावला होता?" बरंच आढेवेढे घेऊन कळलं की लोणावळ्याला येण्याच्या आधल्याच आठवड्यात ते निळे पाइप घातले होते. मग त्याने गाडी वर घेऊन बंपरखाली टॉर्च मारला. इंटरकूलरपासून पुढे जाणारा पाइप तोंडावरून निसटला होता. क्लॅम्प नीट आवळलाच नव्हता. नवा क्लॅम्प आणि अर्ध्या तासाची मजुरी, एवढ्यावर गाडी सुरू!

आता कुणी म्हणेल की पाइप निसटला तर गाडी चालूच कशी होते? हाच तर शोधण्याचा धागा आहे. तो मला ज्या पद्धतीने समजला तसा सांगते. शाळेत हजेरी बघून खिचडी शिजवतात. समजा, फाटकातून चाळीस मुलं आली आणि मागच्या कुंपणावरून आणखी साठ. स्वयंपाक चाळीस जणांचा, ताटं शंभर. व्हायचं तेच होणार. या गाडीत फाटकावरचा शिपाई म्हणजे फिल्टरजवळचा हवा मोजणारा सेन्सर. तो सांगेल तेवढ्या हवेच्या हिशेबाने कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. पाइप निसटला की इंजिन त्या भगदाडातून हवा ओढतं, सेन्सरला पत्ताच नाही. पेट्रोल कमी, हवा जास्त, इंजिन बंद.

मग पहिले दोन-तीन सेकंद कसे निघतात? तर सेल्फ मारताना कॉम्प्युटर त्या सेन्सरवर फारसा विसंबत नाही. इंजिन किती गार-गरम आहे ते बघून तो अंदाजाने जास्तीचं पेट्रोल देतो. इंजिनाने पकडलं की मात्र हजेरीवर कारभार सुरू होतो. म्हणजे ‘चालू होते आणि लगेच बंद पडते’ या वाक्यातच अर्धं उत्तर आहे. चालू होते, याचा अर्थ ठिणगी आहे, सेल्फ फिरवण्याइतकी बॅटरी आहे. मग प्लग आणि बॅटरी कशावरून बदलली? (काही गाड्यांत हवा अशी न मोजता पाइपातल्या दाबावरून ताडतात, तिथे हाच पाइप सुटला तरी गाडी लगेच बंद पडेलच असं नाही. म्हणून आपली गाडी कुठल्या जातीची, हेही आधी विचारायचं.)

हेच लक्षण दुसऱ्या दुखण्यातही दिसतं, हे मान्य. चावी ओळखणारी चोरप्रतिबंधक यंत्रणा रुसली तरी कित्येक गाड्या सेकंद-दोन सेकंदांत बंद पडतात. पण ते दर वेळी जवळजवळ ठरलेल्या क्षणी होतं आणि बहुधा डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकतो. पेट्रोलचा पंप थकला तरी असं होतं. पण बहुतेक गाड्यांत चावी फिरवल्यावर मागच्या सीटखाली तो पंप क्षणभर घूं करतो, तो कान देऊन ऐकता येतो आणि दाब गेज लावून मोजता येतो. हवेच्या सेन्सरवर संशय असेल तर त्याचा प्लग काढून गाडी चालू करतात. ती तगली, तर संशय त्या सेन्सरकडे आणि हवेच्या वाटेकडे वळतो. भगदाड सापडत नसेल तर पाइपांत धूर सोडतात, तो जिथून बाहेर येईल तिथे दोष. यातल्या कुठल्याच तपासणीला नवा पार्ट लागत नाही. लागते ती सबुरी.

यावर ठरलेलं उत्तर असतं, "आता स्कॅनर लावला की सगळं कळतं." नाही हो! स्कॅनर तक्रार सांगतो, आरोपी सांगत नाही. या गाडीतही ‘पेट्रोलचं मिश्रण पातळ’ असा कोड आला होता. तो खोटा नव्हताच. पण पेट्रोल कमी पडतंय की हवा आगंतुक येतेय, हे यंत्राला विचारून काय उपयोग? ते माणसाने ठरवायचं. त्यांनी पहिला अर्थ उचलला आणि पंपाचं बिल फाडलं.

दुसरं उत्तर, "शोधत बसायला वेळ कुणाला आहे?" ती गाडी त्या गॅरेजमध्ये चार दिवस उभी होती. असो.

आता नातवंडांकडे वळते, कारण निम्मा दोष त्यांचा आहे. "आज्जी, तुमच्या पिढीला हौसच नाही," हे मला ऐकवू नका. जास्त ताकदीचं मला वावडं नाही. आमच्या बोरघाटातून १८६३ पासून रेल्वे धावते आहे आणि कर्जतहून वर येणाऱ्या गाड्यांना मागून जोर द्यायला जादा इंजिनं जोडतात, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण कुठलं इंजिन कुठे जोडलं आणि कुठे सोडलं, याची तिथे नोंद असते. ‘कुणीतरी काहीतरी लावलं होतं’ असा कारभार घाटात चालत नाही.

तुमच्याकडे नोंद का नसते, तेही मला ठाऊक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मनाई असलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. म्हणून लपवालपवी. पोलिसापासून लपवता, विम्यावाल्यापासून लपवता आणि त्याच सवयीने मेकॅनिकपासूनही लपवता. वैद्यापासून आणि वकिलापासून काही लपवू नये म्हणतात, त्यात आता मेकॅनिकची भर घाला. खरं तर लपवावं लागेल असं काही करूच नका. पण केलंच असेल, तर निदान ज्याच्या हातात गाडी देता त्याला तरी खरं सांगा.

हे मी नुसत्या पैशांसाठी लिहीत नाही. गाडी हॉटेलच्या आवारात बंद पडली म्हणून आज चिडून लिहिते आहे. तोच पाइप खंडाळ्याहून खाली उतरताना निसटून इंजिन बंद पडलं असतं तर? इंजिन थांबलं की ब्रेकला मिळणारी मदत पेडल दोन-चारदा दाबेपर्यंतच उरते, मग ते दगडासारखं होतं. स्टिअरिंगही जड होतं. पावसात, धुक्यात, मागून ट्रक येत असताना. तेव्हा ‘बदलून बघू’ म्हणायला कोण शिल्लक राहणार?

म्हणून नातेवाईक मंडळींना माझी आज्ञाच समजा. गाडीत एक चाळीस पानी वही ठेवा. काय बदललं, कधी, कुणी, किती किलोमीटरला, एवढं लिहा. एका वेळी एकच बदल करा, तो चार दिवस वापरून बघा, मग दुसरा. काढलेला मूळ पार्ट विकू नका, माळ्यावर ठेवा, संशय आला की तोच परत लावून खरंखोटं करता येतं. आणि पुढच्या वेळी कुणी "हा पार्ट गेलाय" म्हणाला की वर्गात मी विचारायचे तो प्रश्न विचारा, "कशावरून?" उत्तर देता आलं तर खुशाल पैसे मोजा. नाही आलं, तर चावी परत घ्या आणि शोधणाऱ्याकडे जा. असे लोक आहेत, आपल्या मावळातही आहेत. त्यांना शोधण्याचे पैसे द्यायला मात्र कुरकुर करू नका.