टाळ्या देणगीला, हिशेब कराचा

१९ मे २०१९. अटलांटाच्या मोअरहाऊस कॉलेजचा पदवीदान समारंभ. कृष्णवर्णीय तरुणांचे हे जुने कॉलेज १८६७ मध्ये स्थापन झाले. मार्टिन ल्यूथर किंग इथेच शिकले. रॉबर्ट एफ. स्मिथ या कृष्णवर्णीय अब्जाधीशाने व्यासपीठावरून जाहीर केले की, यंदा पदवी घेणाऱ्या सगळ्यांचे शैक्षणिक कर्ज माझे कुटुंब फेडेल. विद्यार्थी सुमारे ४००. पुढे पालकांनी काढलेली कर्जेही त्यात धरली. एकूण रक्कम ३ कोटी ४० लाख डॉलर.

'पे बॅक टू सोसायटी' हे आपल्या चळवळीतले रोजचे शब्द. त्यामुळे हा माणूस आपल्याला जवळचा वाटणारच. पण मित्रहो, टाळ्या वाजवून झाल्यावर हिशेबही मागितला पाहिजे.

स्मिथ हे डेन्व्हरच्या शिक्षक आईवडिलांचे चिरंजीव. कॉर्नेलमधून केमिकल इंजिनीअर, कोलंबियातून एमबीए, मग गोल्डमन सॅक्समध्ये नोकरी. २००० मध्ये त्यांनी व्हिस्टा इक्विटी पार्टनर्स ही प्रायव्हेट इक्विटी कंपनी काढली. गुंतवणूकदारांचा पैसा गोळा करायचा, सॉफ्टवेअर कंपन्या विकत घ्यायच्या, त्यांचा नफा वाढवायचा आणि विकून टाकायच्या, असा हा धंदा. यात चालकाला नफ्याचा साधारण २० टक्के वाटा मिळतो. अमेरिकेत त्या वाट्यावर बहुतेक वेळा पगारापेक्षा कमी दराने कर लागतो. ही सवलत कायद्यानेच दिलेली आहे.

स्मिथ त्याही पुढे गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यापुढे त्यांनी कबूल केले की, सुमारे १५ वर्षे परदेशी ट्रस्टच्या आडून आपण २० कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न लपवले. कर आणि दंड मिळून १३ कोटी ९० लाख डॉलर भरायचे आणि तपासात सहकार्य करायचे, या अटींवर खटला टळला.

कुणी म्हणेल, गोरे अब्जाधीश काय कमी कर चुकवतात? खरे आहे. स्मिथ यांच्या पहिल्या फंडात पैसे घालणारे टेक्सासचे रॉबर्ट ब्रॉकमन यांच्यावर तर २ अब्ज डॉलर उत्पन्न लपवल्याचा आरोप ठेवला गेला. खटला उभा राहण्याआधीच, २०२२ मध्ये, ते वारले. पण त्यांचे पाप मोठे म्हणून आपल्या माणसाला माफी, हा न्याय नव्हे.

मोअरहाऊसची २०१९ ची तुकडी कर्जमुक्त झाली. २०१८ ची झाली नाही, २०२० चीही नाही. देणगीत कुणाचे भले करायचे हे देणारा ठरवतो. कराचा पैसा कुठे जावा, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक मतदाराला असतो. जो कर बुडवतो तो हा हक्क बुडवतो, आणि त्याचा पहिला फटका सरकारी शाळा-दवाखान्यांवर जगणाऱ्या गरिबालाच बसतो.

म्हणून उद्या आपल्यातला कुणी उद्योजक वसतिगृहाला खोल्या बांधून देईल, तेव्हा त्याचा सत्कार जरूर करा. पण त्याआधी विचारा : कर पूर्ण भरता का? कामगारांचा पीएफ भरता का? आणि त्या खोल्या मिळाल्या म्हणून शिष्यवृत्तीसाठीचा मोर्चा रद्द करू नका.